जुनी फॅसेटिंग यंत्रे घरी दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नांना पैलू पाडणारी जुनी यंत्रे घरी आणून पुन्हा चालू करणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे क्रमाने घेतले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत आणि पुढचे प्रश्न अडलेल्या कामांसंबंधी आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फॅसेटिंग यंत्राचे मुख्य भाग कोणते आणि त्यांतले कोणते भाग जपायचे?

सर्वांत जास्त आढळणाऱ्या मास्ट पद्धतीच्या यंत्रात एका बाजूला मोटरने फिरणारा स्पिंडल असतो. त्यावर प्लेटन नावाची सपाट तबकडी आणि तिच्यावर घासण्याचे किंवा पॉलिशचे चाक, म्हणजे लॅप, बसते. दुसऱ्या बाजूला उभा खांब, म्हणजे मास्ट, असतो आणि त्यावर वरखाली सरकणारे डोके बसवलेले असते. या डोक्याला जोडलेल्या नळीसारख्या भागाला क्विल म्हणतात. तिच्या टोकाच्या चकमध्ये खडा चिकटवलेली कांडी, म्हणजे डॉप, धरली जाते. क्विलचा कल प्रोट्रॅक्टरवर वाचता येतो, तर खड्याचे स्वतःभोवतीचे फिरणे इंडेक्स गिअरच्या दात्यांवर ठरते.

यंत्राची खरी किंमत मास्ट, क्विल, चक आणि इंडेक्स गिअर या चार भागांत आहे, कारण ते त्या यंत्रासाठीच घडवलेले असतात. मोटर, पट्टा, बेअरिंग, पाण्याची टाकी, शिंतोडे अडवणारे भांडे आणि वायरिंग हे सर्व बदलता येते. बंद पडलेली मोटर पाहून पुष्कळ लोक चांगले यंत्र नाकारतात आणि गुळगुळीत चालणारी मोटर ऐकून वाकलेल्या मास्टचे यंत्र घरी आणतात, याचे वाईट वाटते.

२. यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी थोडक्या वेळात काय पाहावे?

वीज न लावता प्लेटन हाताने अगदी सावकाश फिरवावी. खरखर जाणवली तर ती बेअरिंगची असते आणि तो दोष किरकोळ आहे. त्यानंतर प्लेटनची कड दोन बोटांनी वरखाली हलवून पाहावी. चकमध्ये एखादी सरळ कांडी घट्ट बसवून ती डावीउजवीकडे हलकेच दाबावी आणि हालचाल नेमकी कोणत्या सांध्यात होते हे बोट ठेवून शोधावे. मास्टला सरळपट्टी लावून उजेडाकडे धरावे. इंडेक्स गिअरचे दाते भिंगातून पाहावेत आणि ट्रिगर, म्हणजे गिअर जागी अडवणारा खटका, दात्यात पूर्ण बसतो की वरच अडकतो हे तपासावे. डॉपचा संच आणि ट्रान्सफर जिग, म्हणजे खडा एका डॉपवरून दुसऱ्या डॉपवर सरळ रेषेत हलवण्याचे साधन, सोबत आहेत का, हेही विचारावे, कारण हे भाग नंतर मिळवणे कठीण जाते (प्रश्न १३ पाहावा).

३. खोलण्यापूर्वी काही तयारी लागते का?

लागते, आणि हाच टप्पा सर्वाधिक वेळा टाळला जातो. यंत्र जसे आले त्याच अवस्थेत आधी मोजावे. प्लेटनच्या कडेचा रनआउट (फिरताना होणारी वरखाली डगमग), मास्टचा काटकोन आणि क्विलमधील लूज या तिन्ही मोजमापांची नोंद तारखेसह ठेवावी. दुरुस्तीनंतर सुधारणा झाली की बिघाड झाला, हे ठरवायला दुसरा आधार नसतो.

खोलताना प्रत्येक सांध्यावर पक्क्या शाईने किंवा पंचने जुळणीची खूण करावी. मास्टच्या पायथ्याशी कधी कधी पितळेच्या पातळ पट्ट्या निघतात. कळकट झालेल्या, तेलाने काळ्या पडलेल्या अशा पट्ट्या कचरा वाटतात. प्रत्यक्षात त्या मास्ट काटकोनात आणण्यासाठी कोणीतरी मोजून घातलेल्या शिम असू शकतात. प्रत्येक पट्टी कोणत्या बोल्टखाली आणि कोणत्या बाजूला होती हे लिहून, तिची जाडी मायक्रोमीटरने मोजून, ती वेगळ्या पाकिटात ठेवावी.

४. गंज कसा काढावा?

भागाच्या कामावर ते अवलंबून आहे. बोल्ट, कंस आणि झाकणे यांवरील गंज पोलादी ब्रशने काढला तरी चालतो. मास्ट, स्पिंडल, क्विलची नळी आणि प्लेटनची बैठक यांना मात्र ब्रश, कानस किंवा जाड पॉलिश पेपर लावू नये. अशा भागांना आधी भेदक तेल लावून रात्रभर ठेवावे आणि मऊ कापडाने किंवा तांब्याच्या नाण्यासारख्या मऊ धातूच्या कडेने गंज खरवडावा. उरलेला गंज गंज-विरघळवणाऱ्या चिलेट द्रावणाने काढावा. सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगर स्वस्त आणि परिणामकारक आहे, परंतु भाग त्यात विसरून राहिला तर चांगल्या पोलादाचा पृष्ठभागही खरवडल्यासारखा होतो.

धुण्याचा सोडा आणि कमी दाबाचा डीसी प्रवाह वापरून विद्युत पद्धतीने गंज काढायचा असेल, तर दुसरा इलेक्ट्रोड साध्या लोखंडाचाच घ्यावा. स्टेनलेस स्टीलच्या इलेक्ट्रोडमधून विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम द्रावणात उतरते. ही पद्धत केवळ लोखंड, बीड आणि पोलाद यांच्यासाठी आहे. अॅल्युमिनियमचा भाग सोड्याच्या द्रावणात टाकू नये, तो खाल्ला जातो.

५. जुनी वायरिंग चालू दिसते. ती तशीच ठेवली तर?

ठेवू नये. या यंत्रात लॅपवर सतत पाणी ठिबकत असते आणि काम करणाऱ्याचे हात ओले असतात. जुन्या रबरी किंवा कापडी वेष्टनाच्या तारा वरून धडधाकट दिसल्या तरी वाकवताच त्यांचे वेष्टन भुगा होऊन पडते. संपूर्ण वायरिंग नवी करावी. धातूच्या सांगाड्याला पक्के अर्थिंग द्यावे, पुरवठा ३० मिलिअँपियरच्या आरसीडीमधून, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून, घ्यावा आणि स्विच शिंतोड्यांपासून दूर, मोटरपेक्षा उंचावर बसवावा. मोटरला कपॅसिटर असेल तर हात लावण्यापूर्वी तो रोधकातून विसर्जित करून व्होल्टमीटरने तपासावा. फार जुन्या यंत्रात तारांभोवती पांढरट तंतूंचे वेष्टन दिसले तर ते अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे असताना ओरबाडू नये.

६. मूळ मोटर ठेवावी की बदलावी?

मूळ मोटर शांत चालत असेल आणि वेग पुरेसा खाली आणता येत असेल तर ती ठेवावी. अडचण बहुधा वेगाचीच असते. पायऱ्यांच्या पुलीवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांत दोन-तीनच वेग मिळतात. भरड घासणीला ते चालून जाते, पण पॉलिशच्या वेळी मिनिटाला १०० ते ३०० फेऱ्यांइतका संथ वेग हवासा वाटतो. साध्या इंडक्शन मोटरला दिव्याचा डिमर लावून वेग कमी करण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यात मोटर तापते आणि जोरही उरत नाही.

बदलायचीच असेल तर कायम चुंबकाची डीसी मोटर आणि तिचा नियंत्रक, किंवा तीन फेजची छोटी मोटर आणि व्हीएफडी (वारंवारता बदलून वेग बदलणारा नियंत्रक), हे दोन मार्ग विश्वासाचे आहेत. दोन्हींत वेग सलग बदलतो आणि फिरण्याची दिशाही उलटवता येते. क्वार्ट्झचा एखादा हट्टी पैलू एका दिशेने पॉलिश होत नाही आणि दिशा उलटताच होतो, हा अनुभव अनेकांना येतो. दिशा उलटणार असाल तर लॅप धरणारी चकती किंवा नट उलट्या फिरण्याने सैल होणार नाही ना, हे आधी पाहावे.

७. यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे आहे, माझा पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे. ट्रान्सफॉर्मर पुरेल का?

ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, वारंवारता बदलत नाही. डीसी किंवा ब्रशच्या युनिव्हर्सल मोटरला वारंवारतेचा फरक जाणवत नाही, त्यामुळे तेथे योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. इंडक्शन मोटर मात्र ५० हर्ट्झवर सुमारे एकषष्ठांश हळू चालते आणि तोच १२० व्होल्टचा दाब मिळाल्यास जास्त तापते. तिला त्याच प्रमाणात कमी, म्हणजे सुमारे १०० व्होल्ट दाब द्यावा लागतो. इतकी खटपट करण्यापेक्षा प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे मोटर बदलणे सोपे पडते.

८. बेअरिंग कोणते आहे हे कसे ओळखायचे आणि ते बदलताना काय सांभाळायचे?

बेअरिंगच्या बाहेरील रिंगेवर क्रमांक कोरलेला असतो. ६२०१, ६२०२, ६२०३ आणि ६२०४ यांची आतील व्यासाची मापे अनुक्रमे १२, १५, १७ आणि २० मिलिमीटर असतात. क्रमांक पुसला असेल तर आतील व्यास, बाहेरील व्यास आणि रुंदी ही तिन्ही मापे घ्यावीत. मापे विचित्र अपूर्णांकात आली तर ते इंची बेअरिंग असते. उदाहरणार्थ, आर-८ चा आतील व्यास १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, असतो. त्या जागी जवळपासचे मिलिमीटरमधील बेअरिंग ठोकून बसवू नये.

रबरी सीलचे बेअरिंग निवडावे, कारण घासणीचा चिखल हाच येथला मुख्य शत्रू आहे. शाफ्टवर बसवताना जोर फक्त आतील रिंगेवर आणि घरात बसवताना फक्त बाहेरील रिंगेवर यावा. चुकीच्या रिंगेवर दाब दिला की गोळ्यांचे ठसे मार्गावर उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरते. बेअरिंग घट्ट जात असेल तर शाफ्ट गोठवावा आणि बेअरिंग साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करावे. ज्योत लावू नये. दोन बेअरिंगांमध्ये लहरी वॉशर असेल तर तो जपून परत घालावा, कारण तोच आसाच्या दिशेचा लूज काढून टाकतो.

९. नवे बेअरिंग घातले तरी प्लेटन डगमगते. दोष कुठे आहे?

डायल गेजचे, म्हणजे सूक्ष्म फरक काट्याने दाखवणाऱ्या मापाचे, टोक प्लेटनच्या कडेजवळ टेकवून प्लेटन हाताने फिरवावी आणि सर्वांत उंच जागेवर खूण करावी. तीच दिशा स्पिंडलवरही खुणेने दाखवावी. आता प्लेटन सोडवून, बैठक स्वच्छ पुसून, ती अर्धा फेरा फिरवून परत बसवावी आणि पुन्हा मोजावे. उंच जागा प्लेटनवरच्या खुणेसोबत गेली तर दोष प्लेटनमध्ये आहे. ती स्पिंडलच्या खुणेपाशीच राहिली तर स्पिंडल किंवा त्याची बैठक वाकलेली आहे. दोन्हींच्या मध्ये कुठे आली तर दोन्ही थोडे थोडे दोषी आहेत. हे करण्याआधी बैठकीवर कण किंवा ठोकल्याचा उंचवटा नाही ना, हे नखाने चाचपावे. बरेच डगमगणे तेथेच संपते.

आठ इंची लॅपच्या कडेला एकूण रनआउट ०.०२ मिलिमीटरच्या आत असेल तर यंत्र उत्तम समजावे. ०.०५ मिलिमीटरपुढे पॉलिशच्या वेळी खडा ठोकरत असल्याचे हाताला कळू लागते. दोष प्लेटनचा असल्यास ती स्पिंडलवर बसलेल्या अवस्थेतच लेथवर नेऊन तिचे फेसिंग, म्हणजे वरचा पृष्ठभाग सपाट कापणे, करून घ्यावे, म्हणजे दोन्हींचा आस एक राहतो. फिरत्या प्लेटनवर पॉलिश पेपर दाबून ती सपाट करण्याचा सल्ला ऐकू नये. त्याने कडा खाली जातात आणि उंचवटा तसाच राहतो.

१०. मास्ट खरोखर काटकोनात उभा आहे हे घरी कसे तपासावे?

आधी प्रश्न ९ मधील काम पूर्ण करावे. त्यानंतर डायल गेज मास्टवरील डोक्याला पक्के बांधून त्याचे टोक प्लेटनवर टेकवावे. डोके मास्टभोवती डावीकडून उजवीकडे झुलवावे आणि मध्यापासून सारख्या अंतरावरच्या दोन जागी वाचन घ्यावे. वाचन घेताना प्लेटनवर शाईने केलेला एकच ठिपका दोन्ही जागी टोकाखाली आणावा, म्हणजे प्लेटनचा उरलासुरला रनआउट हिशेबात येत नाही. मास्ट मागेपुढे सरकत असेल तर तीच तपासणी जवळ आणि दूर अशीही करावी.

१०० मिलिमीटर अंतरात ०.१ मिलिमीटर फरक म्हणजे जवळपास ०.०६ अंशांचा कल होतो. आकडा लहान वाटतो. परंतु अशा यंत्रावर लॅपच्या डाव्या भागात सपाट झालेला पैलू उजव्या भागात नेताच फक्त एका कडेने घासला जातो, आणि पॉलिश करणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. दुरुस्तीसाठी मास्टच्या पायथ्याशी पितळी शिम घालावी. बीडाचा पाया कानशीने घासू नये. शिम एकदा काढून पुन्हा घालता येते, घासलेले बीड परत येत नाही.

११. प्रोट्रॅक्टर ४१ अंश दाखवतो तेव्हा खडा खरोखर ४१ अंशांतच कापला जातो का?

खात्री करण्यासाठी चकमध्ये ग्राइंड केलेली सरळ कांडी धरून क्विल ९० अंशांवर आणावी. या स्थितीत कांडी प्लेटनला समांतर असली पाहिजे. एकमेकांपासून ५० मिलिमीटर दूर असलेल्या दोन जागी कांडीची उंची मोजावी, मग इंडेक्सवर अर्धा फेरा देऊन पुन्हा मोजावी आणि दोन्हींची सरासरी घ्यावी, म्हणजे कांडीचा वाक निघून जातो. सरासरीतही फरक उरला तर प्रोट्रॅक्टरचा दर्शक सैल करून ९० वर जुळवावा. ९० जुळूनही ४५ अंशांच्या मापाच्या ठोकळ्यावर फरक दिसला तर प्रोट्रॅक्टर आसाच्या मध्यावर बसलेला नाही.

तेच वाचन तोच कोन पुन्हा पुन्हा देते का, हा प्रश्न खऱ्या कोनापेक्षा अधिक मोलाचा आहे, कारण पैलूंचे मिलन त्यावर ठरते. अपवाद क्रांतिक कोनाजवळच्या पॅव्हिलियनचा, म्हणजे खड्याच्या खालच्या भागाचा. पैलू क्रांतिक कोनापेक्षा कमी कोनात कापला तर प्रकाश आत परत न फिरता बाहेर पडतो. क्वार्ट्झचा अपवर्तनांक सुमारे १.५४ आणि क्रांतिक कोन सुमारे ४०.४ अंश आहे. दर्शक ४१ दाखवत असताना प्रत्यक्षात ४० कापले गेले, तर प्रकाश परत न येता खालून निघून जातो आणि खड्याच्या मधोमध खिडकी दिसते. नीलमचा क्रांतिक कोन सुमारे ३४.४ अंश असल्याने त्याच यंत्रावर नीलम उत्तम उतरतो आणि क्वार्ट्झ बिघडतो, असे घडू शकते.

१२. इंडेक्स गिअर झिजला आहे असे वाटते. बदलावा का? आणि किती दात्यांचा घ्यावा?

गिअरच्या आधी ट्रिगर तपासावा. ट्रिगरचे टोक गोल झाले असेल, त्याच्या खिळीत लूज असेल किंवा स्प्रिंग मेली असेल तर उत्तम गिअरही झिजल्यासारखा वागतो. ट्रिगरचे टोक दात्याच्या दोन्ही बाजूंना टेकले पाहिजे आणि तळाला टेकता कामा नये. त्याची तपासणी दात्यात निळी शाई लावून करता येते. दाते ब्रासोने चकचकीत करण्याचा मोह टाळावा. रॉकेल आणि मऊ टूथब्रश एवढे पुरे आहे.

दात्यांचा विचार करताना ९६ चा गिअर सर्वांत उपयोगी ठरतो, कारण त्याला ३, ४, ६ आणि ८ यांनी भाग जातो, आणि त्याचा एक दाता ३.७५ अंशांचा असतो. पाचपट सममितीसाठी ८० किंवा १२० चा, सातपट सममितीसाठी ७७ चा आणि नऊपट सममितीसाठी ७२ चा गिअर लागतो. गिअर बदलल्यावर चीटर, म्हणजे इंडेक्सची सूक्ष्म जुळवणी, पुन्हा शून्यावर आणावी.

१३. माझ्याकडच्या डॉप ६ मिलिमीटरच्या आहेत आणि यंत्राचा चक पाव इंची आहे. पत्री गुंडाळून चालवू का?

नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, म्हणजे ०.३५ मिलिमीटरचा फरक आहे. गुंडाळलेली पत्री डॉपला एका बाजूला ढकलते आणि ती बाजू प्रत्येक वेळी वेगळी असते. लेथवर एकाच बांधणीत आतबाहेर कापलेली, एका बाजूला चीर दिलेली बाही करून घ्यावी, किंवा डॉपच नव्या घडवाव्यात. पितळेच्या डॉप घडवणे हे लेथचे सोपे काम आहे.

ट्रान्सफर जिग तपासताना दोन्ही व्ही-खाचांत एकच लांब ग्राइंड केलेली कांडी ठेवावी. ती दोन्हीकडे पूर्ण टेकली पाहिजे. जिग थोडी जरी तिरपी असेल तर खड्याचा वरचा भाग खालच्या भागाशी सरकलेला येतो आणि गर्डल, म्हणजे खड्याची कंबर, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ दिसतो.

१४. हरवलेला स्क्रू जवळजवळ बसतो आणि मग अडतो. जोर लावू का?

जोर लावू नये, आटे वेगळे आहेत. पाव इंची बीएसडब्ल्यू (ब्रिटिश व्हिटवर्थ आटे) आणि पाव इंची यूएनसी (अमेरिकी भरड आटे) या दोन्हींत इंचाला २० आटे असतात, पण पहिल्याचा कोन ५५ आणि दुसऱ्याचा ६० अंश असतो. म्हणून ते काही फेरे गोडीने जातात आणि मग मऊ अॅल्युमिनियमचे आटे सोलून काढतात. अर्ध्या इंचाला तर आट्यांची संख्याच वेगळी आहे, बीएसडब्ल्यूला १२ आणि यूएनसीला १३. थ्रेड गेजने मोजावे आणि यंत्र कोणत्या देशात बनले हे ध्यानात घ्यावे.

१५. यंत्रासोबत आलेले जुने लॅप वापरता येतील का?

तांबे, कथील आणि जस्त यांचे लॅप लेथवर हलकेच कापून पुन्हा सपाट करता येतात. कापताना वरचा थर जातो आणि त्यासोबत रुतलेले अनोळखी कणही जातात. हे कण काढल्याशिवाय त्या लॅपवर बारीक पॉलिश चढवू नये. ३००० ग्रिटचा एखादा भरड कण ५०००० च्या बारीक लॅपवर उरला तर ओरखडे कशाने येतात हे शोधण्यात दिवस जातात. हिऱ्याचा थर चढवलेले लॅप लेथवर कापू नयेत. ते बोथट असतील तर अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कांडीने उघडून पाहावेत आणि थर गेला असेल तर बाजूला काढावेत.

जड, राखाडी आणि नखाने ओरखडा उमटणारा लॅप शिशाचा किंवा शिसेमिश्रित असतो. तो हाताळल्यावर हात धुवावेत, त्याची धूळ होऊ देऊ नये आणि तो स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुऊ नये.

१६. क्विलच्या सांध्यात दाट ग्रीस भरले तर लूज जाईल का?

लूज जाणवणे कमी होईल, लूज जाणार नाही. उलट दाट ग्रीसमुळे क्विल खाली येताना अडखळते आणि स्टॉप, म्हणजे ठरलेल्या कोनावर क्विल अडवणारा भाग, कधी लागला हे हाताला कळत नाही. आसाच्या दिशेचा लूज शिमने किंवा जुळवणीच्या नटने काढावा. आडवा लूज असेल तर ब्राँझ बुश बदलून रीमरने माप द्यावे. वंगण म्हणून शिवणयंत्राचे पातळ तेल एक-दोन थेंब पुरते.

१७. यंत्राला नवा रंग द्यावा का?

द्यायचा असेल तर सर्व मोजमापे जुळल्यावर, आणि जोडणीचे पृष्ठभाग, आटे व बैठका चिकटपट्टीने झाकून. मास्टच्या पायथ्याखाली गेलेला रंगाचा थर प्रश्न १० मधील सगळे काम वाया घालवतो. जुना रंग शिसेयुक्त असू शकतो, म्हणून तो कोरडा घासू नये. निर्मात्याची पाटी आणि क्रमांक तसेच ठेवावेत, कारण सुटे भाग शोधताना त्यांचाच उपयोग होतो.

१८. सगळी मापे बरोबर आली, तरीही पैलू एका बिंदूत मिळत नाहीत. आता काय?

दोष यंत्रात आहे की बांधणीत, हे आधी वेगळे करावे. काचेचा किंवा क्वार्ट्झचा निरुपयोगी तुकडा बांधून ९० अंशांवर ९६, २४, ४८ आणि ७२ या इंडेक्सवर, एकाच उंचीवर, चार पैलू कापावेत. समोरासमोरच्या जोड्यांमधले अंतर मायक्रोमीटरने मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली आणि मग खडा न काढता तेच चार पैलू पुन्हा कापताना लॅप काहीच घासत नसेल, तर यंत्र ठीक आहे.

तसे असेल तर डॉपच्या लाखेकडे पाहावे. पॉलिशच्या उष्णतेने लाख मऊ होऊन खडा केसभर सरकतो आणि पुढचे सर्व पैलू एकाच दिशेने चुकतात. चूक एकाच दिशेची असणे हीच तिची ओळख आहे. याउलट चूक पैलूगणिक इकडेतिकडे होत असेल तर दाबाचा संशय घ्यावा, कारण क्विल लांब असते आणि जोरात दाबल्यास वाकते. तिसरी शक्यता लॅपची आहे. मधोमध खोलगट झालेल्या लॅपवर बाहेरच्या आणि आतल्या भागात पैलूचा कोन बदलतो, म्हणून चाचणीचे पैलू लॅपच्या एकाच पट्ट्यावर कापून पाहावेत. चाचणीच्या तुकड्यावरच पहिल्या आणि दुसऱ्या कापणीत फरक आला, तर चकचा पेच, इंडेक्स गिअरचा पेच आणि डोक्याचा मास्टवरील पेच याच क्रमाने आवळून चाचणी पुन्हा करावी, आणि प्रत्येक वेळी एकच पेच आवळावा.